पाय नको, चेंडू बघा

शालेय सॉफ्टबॉल सामन्यात सगळ्यात मोठा गलका कधी होतो? होमरन झाल्यावर नव्हे. थर्ड बेसच्या रेषेला चिकटून चेंडू घरंगळत जातो तेव्हा. एका डगआउटमधून "फेअर, पळ पळ!" आणि दुसऱ्यातून "फाउल, सर, फाउल!" असा एकाच वेळी पुकारा होतो. बॅटर अर्ध्या वाटेत थबकते, थर्ड बेसवाली चेंडू हातात घेऊन पंचांकडे बघते, आणि पंचांनी काही ठरवायच्या आत क्रीडाशिक्षक रेषेपर्यंत पोचलेले असतात.

ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर चुकीच्या जागी असते. कुणी फिल्डरचे पाय बघतात, कुणी चेंडूचा पहिला टप्पा कुठे पडला ते, कुणी शेवटी कुठे जाऊन थांबला ते. दोष त्यांचा नाही. आपली नजर क्रिकेट, कबड्डी आणि खो-खोवर तयार झालेली आहे. क्रिकेटमध्ये बॅटला लागलेला चेंडू यष्टीरक्षकाच्या मागे गेला तरी धावा मिळतात, आणि सीमारेषेवरच्या झेलात आपण क्षेत्ररक्षकाचा बूट दोरीला लागला का ते शंभर वेळा रिप्लेमध्ये पाहतो. कबड्डीत तर पाय बाहेर पडला की विषय संपला. सॉफ्टबॉलमध्ये फेअर-फाउल ठरवताना फिल्डरच्या पायांना काहीही किंमत नाही. चेंडू कुठे आहे, आणि तो कोणत्या क्षणी तिथे आहे, एवढंच बघायचं. त्यातला "कोणत्या क्षणी" हा भाग अवघड, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी फक्की नीट पडू द्या

होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दोन रेषा काटकोनात निघतात. एक फर्स्ट बेसच्या बाहेरच्या कडेने, दुसरी थर्ड बेसच्या बाहेरच्या कडेने, थेट आउटफिल्डच्या कुंपणापर्यंत. या दोन रेषांमधलं सगळं मैदान फेअर. रेषाही फेअर, तिन्ही बेस फेअर, होम प्लेटसुद्धा फेअर. प्लेटचं ऐकून अनेक जण चमकतात. चेंडू बॅटला लागून प्लेटवर आपटला की "फाउल" म्हणून हात वर करणारे कॅचर प्रत्येक स्पर्धेत भेटतात. प्लेटला लागलेला चेंडू हा जमिनीला लागलेल्या चेंडूसारखाच, पुढे तो कुठे जातो ते बघायचं.

बॅटर्स बॉक्सचंही तसंच. बॉक्सच्या आत रेषा आखत नाहीत, त्यामुळे तो अख्खा बॉक्स फाउल जागेत आहे असं वाटतं. मनात रेषा ओढून बघा. प्लेटच्या टोकापासून पंचेचाळीस अंशांनी निघालेली रेषा बॉक्स कापत जाते, आणि बॉक्सचा पुढचा, प्लेटकडचा बराच भाग फेअर जागेत येतो. बंट केलेला चेंडू तिथे मेल्यासारखा पडून राहिला तर तो फेअर आहे. कॅचरने तो उचलून फर्स्टला फेकायला हवा. ती "फाउल आहे" असं समजून उभी राहिली तर बॅटर आरामात बेसवर पोचते.

आपल्याकडे निम्मे वाद मैदान आखतानाच पेरले जातात. दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर, म्हणजे ६० फूट. हे अंतर प्लेटच्या मागच्या टोकापासून बेसच्या पलीकडच्या कडेपर्यंत मोजायचं. फर्स्ट आणि थर्ड बेसची गादी संपूर्णपणे चौकोनाच्या आत बसते, तिची बाहेरची कड रेषेच्या बाहेरच्या कडेशी जुळते. अनेक मैदानांवर गादी रेषेच्या मधोमध ठेवलेली दिसते, कुठे तर चक्क रेषेच्या बाहेर. गादी ३८ सेंटिमीटरची असते. ती बाहेर ठेवली की फाउल जागेतला तेवढा तुकडा दिवसभर "बेस" म्हणून वावरतो, आणि त्याला लागलेल्या चेंडूचं काय करायचं याचं उत्तर कुठल्याच नियमपुस्तकात सापडत नाही.

कोन बरोबर आहे का हे तपासायला सुतळी पुरते. प्लेटच्या मागच्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंतचं अंतर २५.८६ मीटर यायला हवं. ते आलं आणि चारही बाजू १८.२९ भरल्या तर काटकोन आपोआप जमला. फक्की टाकणाऱ्या मुलांना हे एकदा करून दाखवा. सकाळची दहा मिनिटं जातात, पण दुपारचा अर्ध्या तासाचा तंटा वाचतो.

बेसच्या अलीकडे: घाई नको

फेअर-फाउलचा निर्णय मैदानाच्या दोन भागांत दोन वेगळ्या वेळी होतो. होम प्लेटपासून फर्स्ट किंवा थर्ड बेसपर्यंतचा एक भाग, आणि बेसच्या पलीकडचा दुसरा. पलीकडच्या भागात निर्णय पहिल्या स्पर्शाला होतो. अलीकडच्या भागात पहिला टप्पा कुठे पडला याला काहीच अर्थ नसतो.

अलीकडे चेंडू टप्पे घेत असेल, घरंगळत असेल, रेषेच्या आतबाहेर करत असेल, तोवर काहीही ठरलेलं नसतं. निर्णय तीनपैकी एक गोष्ट घडली की होतो: चेंडू थांबला, कुणीतरी त्याला स्पर्श केला, किंवा तो बेस ओलांडून गेला. त्या क्षणी तो फेअर जागेत किंवा तिच्या वर असेल तर फेअर, नाहीतर फाउल.

यातून काही विचित्र वाटणारे निकाल निघतात. बॅटची खालची कड लागून चेंडू प्लेटच्या बाजूला, फाउल जागेत उंच उडतो, जमिनीवर पडतो आणि जबरदस्त फिरकीमुळे उसळून रेषेच्या आत येतो. कुणी हात लावला नाही आणि तो आतच थांबला, तर तो फेअर. फाउल जागेतल्या जमिनीला लागून आला म्हणून तो बाद होत नाही. उलट, पिचरच्या डाव्या-उजव्या बाजूने छान आत चाललेला चेंडू खडा लागून वळला आणि बेसच्या आधीच रेषेबाहेर जाऊन थांबला, तर फाउल. पिचर्स प्लेटच्या रबराला आपटून, मध्ये कुणालाही न लागता, बेसच्या अलीकडून रेषेबाहेर गेलेला चेंडूही याच न्यायाने फाउल. जोरकस फटका वाया गेल्याचं बॅटरला वाईट वाटतं, पण नियम सरळ आहे.

मात्र फाउल जागेत चेंडू "जमीन सोडून दुसऱ्या कशालाही" लागला की तो तत्क्षणी फाउल, मग तो नंतर आत आला तरी उपयोग नाही. फेकलेलं हेल्मेट, कॅचरने काढून ठेवलेला मास्क, कुणाची तरी पाण्याची बाटली, झाडाची फांदी, रेषेजवळ बसलेला प्रेक्षक, हे सगळं त्यात आलं. आपल्या शाळांच्या मैदानांवर ही यादी लांबच लांब होते. रेषेच्या कडेला दप्तरांचा ढीग आणि एखादी स्कूटर हे नेहमीचं दृश्य आहे. सामन्याआधी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना प्लेटजवळ बोलावून त्या मैदानापुरते नियम ठरवून घेतात, ते याच कारणासाठी. वडाची फांदी मैदानावर आली असेल तर तिला लागलेल्या चेंडूचं काय, हे पहिल्या पिचच्या आधी ठरायला हवं. पाचव्या इनिंगमध्ये ते ठरवायला गेलात तर कुणीच ऐकणार नाही.

अलीकडचा हा नियम नीट कळलेली थर्ड बेसवाली संघाला एकटीच आउट मिळवून देऊ शकते. समजा, बंट रेषेला चिकटून येतोय आणि बॅटर इतकी वेगवान आहे की फर्स्टला फेकून काही होणार नाही. अशा वेळी चेंडू उचलू नका. त्याच्यासोबत वाकून चाला, हात तयार ठेवा, आणि तो रेषेची बाहेरची कड पूर्ण ओलांडतो त्या क्षणी झडप घाला. फाउल झाला, बॅटर परत आली, वर एक स्ट्राइकही चढला. तिच्यावर आधीच दोन स्ट्राइक असतील तर बंट करून फाउल केल्याबद्दल ती थेट आउट. याउलट चेंडू बेसकडे सरळ येत असेल आणि बाहेर जायचं नाव घेत नसेल, तर वाट बघण्यात फक्त नुकसान आहे.

"रेषा पूर्ण ओलांडतो" म्हणजे नेमकं काय, हेही पाठ करून ठेवा. रेषा फेअर आहे. चेंडूचा थोडासा भागही रेषेवर किंवा रेषेच्या वर असेल तर तो फेअर. बाहेर उभं राहून, हात लांब करून, चेंडू बाहेर ओढत उचलण्याची हुशारी अनेक जण करतात, तिचा उपयोग नाही. ग्लोव्ह पहिल्यांदा चेंडूला कुठे लागला तेवढंच मोजलं जातं.

बेसबॉलमध्ये या हुशारीची एक कथा फार गाजली. २७ मे १९८१ रोजी सिएटल मरिनर्सचा लेनी रँडल कॅन्सस सिटीच्या एमॉस ओटिसने मारलेल्या मंद चेंडूजवळ चारी हातापायांवर पडला आणि त्याने फुंकर मारून चेंडू रेषेबाहेर घालवला! पंच लॅरी मॅकॉय यांनी आधी फाउल दिला, पण प्रतिस्पर्धी व्यवस्थापकाने हरकत घेतल्यावर बॅटरला फर्स्ट बेस बहाल केला. हात लावला नाही, पण चेंडूची वाट तर बदलली, हा त्यामागचा विचार. तुमच्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगा, त्या पोट धरून हसतील. फक्त सामन्यात करून बघू नका, असंही सांगा.

बेसवरून जाताना

उसळता चेंडू बेस ओलांडत असताना तो कुठून गेला, एवढाच प्रश्न. बेसच्या बाहेरच्या कडेवर एक पारदर्शक भिंत उभी आहे असं समजा. चेंडू त्या भिंतीच्या आतून किंवा बेसच्या वरून गेला तर फेअर, मग पुढचा टप्पा कितीही बाहेर पडो. इथेच सर्वाधिक गफलत होते, कारण प्रेक्षकांना बेसच्या मागचा टप्पा स्पष्ट दिसतो, धूळ उडते, रेषेच्या हातभर बाहेर उडते, आणि सगळे एका सुरात "फाउल" म्हणतात. बेसवरून तो डोक्याच्या उंचीने आतून गेला होता, हे फक्त रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं.

फर्स्ट, सेकंड, थर्ड, कोणत्याही बेसला चेंडू लागला की तो फेअर. मग तो उडून डगआउटकडे गेला तरी. फर्स्टला हल्ली दुहेरी बेस असतो, अर्धा पांढरा आणि अर्धा नारिंगी. पांढरा भाग फेअर जागेत, नारिंगी भाग फाउल जागेत. धावणारीची आणि फर्स्ट बेसवालीची टक्कर होऊ नये म्हणून ही सोय आहे. चेंडू पांढऱ्याला लागला तर फेअर, फक्त नारिंगीला लागला तर फाउल. जुन्या गाद्या रंगवून दुहेरी बेस तयार केले असतील तर मधली सीमा ठळक दिसेल असं बघा, कारण त्या दोन इंचांवरून भांडण होणार हे नक्की.

हवेतला चेंडू आणि ते पाय

बेसच्या पलीकडे हवेतून गेलेला चेंडू जिथे पहिल्यांदा जमिनीला किंवा माणसाला लागतो तिथेच निर्णय. रेषेच्या आत पडून मग बाहेर घरंगळला, फेअर. बाहेर पडून फिरकीने आत आला, फाउल. इथे वाट बघण्याचा प्रश्नच नाही.

आता शीर्षकातला मुद्दा. राइट फिल्डर रेषेकडे धावते आहे. तिचे दोन्ही पाय फाउल जागेत आहेत, पण हात मैदानाकडे लांबवलेला आहे आणि चेंडू रेषेच्या आतल्या बाजूवर असताना ग्लोव्हला लागून निसटतो. हा चेंडू फेअर आहे, बॅटर पळत राहील. उलट, पाय फेअर जागेत, हात बाहेर, चेंडू रेषेच्या पलीकडे हवेत असताना ग्लोव्हला लागून पडला, तर तो फाउल. चेंडू झेलला तर आउटच आहे, फेअर असो वा फाउल, त्यामुळे झेल पूर्ण झाल्यावर लोक या बाबतीत भांडत नाहीत. भांडण सुटलेल्या झेलावर होतं. म्हणून रेषेजवळच्या झेलात पंचांनी आधी फेअर की फाउल ते दाखवायचं आणि मग झेल पकडला की सुटला ते.

अलीकडच्या भागातही स्पर्शाच्या क्षणाचाच नियम लागू होतो. फर्स्टच्या अलीकडे उंच उडालेला चेंडू फर्स्ट बेसवालीच्या ग्लोव्हला रेषेच्या बाहेर लागला आणि सुटून आत पडला, तरी फाउलच. एकदा बाहेर स्पर्श झाला की विषय संपला.

कुंपण ओलांडणाऱ्या चेंडूचं तसंच. तो हवेतून कुंपण पार करतो त्या क्षणी फेअर जागेवर असला पाहिजे, पलीकडे जाऊन वळला तर त्याची चिंता नाही. रेषेच्या टोकाला उभ्या असलेल्या खांबाला, कुंपणाच्या उंचीच्या वर, हवेतला चेंडू थेट लागला तर तो फेअर आणि होमरन. बेसबॉलच्या १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये कार्लटन फिस्कने बाराव्या इनिंगमध्ये फेनवे पार्कच्या डाव्या खांबाला मारलेला चेंडू जगप्रसिद्ध आहे. तो दोन्ही हातांनी चेंडूला "आत ये, आत ये" असं खुणावत उड्या मारतो, ते चित्रीकरण मुलांना दाखवण्यासारखं आहे. आपल्या मैदानांवर खांब क्वचितच असतो. रेषा जिथे संपते तिथे बांबू रोवा, वर रंगीत झेंडा बांधा. दोनशे फुटांवरचा चेंडू आत गेला की बाहेर, हे नुसत्या डोळ्यांनी, कुठलीही खूण नसताना सांगणं म्हणजे अंदाज बांधणं.

बॅटरच्या आजूबाजूला

बॅटला लागलेला चेंडू उसळून परत बॅटरच्या अंगाला, पायाला किंवा हातातल्या बॅटला लागला तर काय? बॅटर अजून बॉक्समध्ये असेल तर फाउल. ती बॉक्सबाहेर पडून पळायला लागली असेल आणि फेअर जागेत चेंडू तिला लागला, तर ती आउट. फरक एका पावलाचा आहे, आणि प्लेटवरच्या पंचांना कॅचरच्या मागून तो नेहमी दिसतोच असं नाही. बॅटरने बॅट टाकून दिली असेल आणि चेंडूच घरंगळत येऊन फेअर जागेत पडलेल्या बॅटला लागला, तर मुद्दाम काही केलेलं नसेल तोवर खेळ चालू राहतो. मात्र बॅट सरकत जाऊन फेअर जागेत चेंडूवर दुसऱ्यांदा आदळली, तर बॅटर आउट. कोण कुणावर आदळलं, हे बघायचं.

पळता पळता चेंडू तडकावणाऱ्या डावखुऱ्या बॅटरना एक गोष्ट बजावून ठेवा. चेंडूला बॅट लागताना एक पाऊल पूर्णपणे बॉक्सच्या रेषांबाहेर जमिनीवर असेल, किंवा प्लेटवर असेल, तर बॅटर आउट. चेंडू फेअर गेला की फाउल, याने काही फरक पडत नाही. इथे मात्र पाय बघायचे, पण ते बॅटरचे. फिल्डरचे नव्हेत.

फाउल झाल्यावर

झेल न झालेला फाउल म्हणजे खेळ थांबला. दोनपेक्षा कमी स्ट्राइक असतील तर एक स्ट्राइक वाढतो, दोन असतील तर संख्या तशीच राहते. अपवाद बंटचा, तो वर सांगितला. सगळ्या रनर पिचच्या वेळी ज्या बेसवर होत्या तिथे परत.

झेललेला फाउल वेगळा. बॅटर आउट, पण चेंडू जिवंत राहतो, आणि झेल लागल्यावर बेसला पाय लावून रनर पुढे पळू शकते. शालेय सामन्यांत हे सर्रास विसरलं जातं. थर्ड बेसवर रनर, एक आउट, सामना बरोबरीत आणि शेवटची इनिंग. लेफ्ट फिल्डर लांबवर, रेषेच्या बाहेर धावत जाऊन सुंदर झेल घेते, सगळे टाळ्या वाजवतात आणि रनर आरामात होमला येऊन सामना जिंकून जाते. तिथे तो चेंडू पडू देणं शहाणपणाचं होतं. हा निर्णय पळताना सुचत नाही. पिच पडण्याआधी सेंटर फिल्डर किंवा शॉर्टस्टॉपने ओरडून आठवण द्यायची, "लांबचा फाउल सोडायचा!" तसा सराव करून घ्या.

फाउल टिप हा तिसरा प्रकार. बॅटला पुसट लागून चेंडू सणसणीत सरळ कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि तिने तो धरून ठेवला, की तो साधा स्ट्राइक धरतात आणि फास्टपिचमध्ये खेळ चालूच राहतो. सेकंड चोरायला निघालेली रनर आहे तिथेच राहते, तिला परत आणायचं नाही, आणि तिसरा स्ट्राइक असेल तर बॅटर आउट. कॅचरच्या हातून निसटला तर मात्र तो नेहमीसारखा फाउल आणि रनर माघारी. रनरने आवाज ऐकून थांबायचं नाही. पंचांचे हात बघायचे.

रनरसाठी आणखी एक सवय, विशेषतः थर्डवर. पिचरच्या हातून चेंडू सुटल्यावर पुढे सरकायचं ते रेषेच्या बाहेरून, फाउल जागेतून. परत येताना रेषेच्या आतून. कारण फटकावलेला चेंडू फाउल जागेत तुम्हाला लागला तर फाउल, फक्त परत जायचं. फेअर जागेत, बेस सोडलेला असताना आणि कुठल्याही इनफिल्डरच्या पुढ्यात लागला, तर तुम्ही आउट. परतताना आतून आलात की कॅचरच्या थ्रोच्या आड तुमची पाठ येते, हा जादा फायदा.

इनफिल्ड फ्लाय रेषेजवळ उडाली की पंच "इनफिल्ड फ्लाय, इफ फेअर" असं पुकारतात. त्या शेवटच्या दोन शब्दांकडे लक्ष द्या. चेंडू न झेलता पडला आणि बेसच्या अलीकडून बाहेर गेला, तर बॅटर आउट नाही, तो नुसता फाउल आहे.

पंचांसाठी

फाउल मोठ्याने, हात वर करून. फेअर मुकाट्याने, फेअर जागेकडे बोट दाखवून. दोन्ही शब्द लांबून सारखेच ऐकू येतात, त्यामुळे फेअर कधीही तोंडाने पुकारायचा नाही.

कॅचरच्या मागे अडकून राहू नका. चेंडू रेषेकडे वळला की झपाट्याने बाहेर या आणि रेषा दोन पायांच्या मध्ये घेऊन उभे राहा. तिरकस जागेवरून पाहिलं तर वीतभर आतला चेंडूही बाहेर दिसतो. दोन पंच असतील तर दोन्ही रेषा बहुधा प्लेटवरच्याच पंचांकडे असतात. जास्त पंच असतील तर बेसपर्यंतचा निर्णय कुणाचा आणि बेसपासून पुढचा कुणाचा, हे मैदानात उतरण्याआधी एकमेकांत बोलून घ्या. एकाचे हात वर आणि दुसऱ्याचं बोट आत, असं झालं की त्या दिवशी तुमच्या कुठल्याच निर्णयाला वजन उरत नाही.

आणि घाई नको, विशेषतः फाउल पुकारायची. फेअर समजून चेंडू चालू ठेवला आणि नंतर तो फाउल ठरला तर सगळ्यांना माघारी बोलावता येतं. फाउल ओरडलात की रनर थांबतात, फिल्डर चेंडू सोडून देतात, आणि मग "नाही, फेअर होता" म्हणून कोण कुठल्या बेसवर पोचली असती याचा हिशेब करत बसावं लागतं. तो हिशेब कुणालाच पटत नाही.

प्रशिक्षकांनी हरकत घेताना काय बोलायचं हेही ठरवून जावं. "चेंडू रेषेच्या आत पडला होता" हा पंचांच्या नजरेचा प्रश्न आहे, त्यावर अधिकृत हरकत चालत नाही. "चेंडू बेसला लागला हे तुम्ही मान्य करता, मग तो फाउल कसा?" हा नियमाचा प्रश्न आहे, त्यावर चालते. ती पुढचा पिच पडायच्या आत नोंदवावी लागते.

सरावात यासाठी वेगळा वेळ काढावा. चेंडू हाताने रेषेवरून घरंगळत सोडा, कधी फिरकी देऊन, कधी उसळवून बेसवरून. दोन मुली रेषेवर, बाकीच्या इकडेतिकडे. निर्णयाचा क्षण आला की हात वर करायचा, आधी नाही. रेषेवरच्या दोघी आणि बाजूला उभ्या असलेल्या बाकीच्यांचे हात वेगवेगळ्या वेळी वर जातील, तेव्हा जागा बदलायला लावा आणि तोच चेंडू पुन्हा सोडा.